सापडणे आणि संपवणे

कंटाळा या गोष्टीला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. मुलाने ‘कंटाळा आला’ म्हटले की घरातली वडील मंडळी त्याला शेंगा सोलायला बसवतात, आणि कर्त्या माणसाने तेच म्हटले तर त्याला सुख बोचते आहे असे लोक समजतात. असे असूनही गेली दहा-पंधरा वर्षे जगभरची असंख्य माणसे एका करमणुकीविषयी हीच तक्रार मोठ्या गांभीर्याने करीत आहेत. करमणूक तशी महागाची आहे. नव्या खेळाची किंमत चार-पाच हजार रुपयांच्या घरात, आणि तो चालवणाऱ्या यंत्राची त्याच्या कितीतरी पट. एवढा खर्च करून माणूस घरी बसतो, एका अफाट काल्पनिक मुलखात पाऊल टाकतो, आणि वीसेक तासांनी त्याला जांभया येऊ लागतात. त्याच मुलखातून दुसऱ्या एखाद्याला मात्र महिनोन्महिने बाहेर पडवत नाही.

मी बोलतो आहे ते ‘ओपन वर्ल्ड’ व्हिडिओ गेमविषयी, आणि त्यातही भूमिका घेऊन खेळायच्या खेळांविषयी. ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. जुन्या व्हिडिओ गेममध्ये रस्ता एकच असे. मारिओ डावीकडून उजवीकडे धावत सुटायचा, मध्ये येतील ते खड्डे ओलांडायचा. ओपन वर्ल्ड खेळात खेळाडूच्या हाती एक अख्खा मुलूख देतात. डोंगर, नद्या, गावे, बाजार, पडके वाडे, गुहा. आपले पात्र आपण घडवायचे. तलवारबाज व्हायचे की मांत्रिक, सज्जन व्हायचे की भामटा, हे आपण ठरवायचे. एक मुख्य कथा असते, पण तिच्या मागे लागलेच पाहिजे असे बंधन नाही. राज्य बुडायला आलेले असले तरी आपण खुशाल फुलपाखरे पकडत हिंडावे. २०१५ साली आलेल्या ‘द विचर ३’ या पोलिश खेळाची मुख्य कथा साधारण पन्नास तासांत संपते. त्यातले सगळे करायचे म्हटले तर दीडशेच्या वर तास लागतात.

हे शंभर जादा तास म्हणजे चंगळ की वेठबिगार, हा वादाचा मुद्दा. मी बँकेतली नोकरी सांभाळून गेली वीसेक वर्षे हे खेळ खेळत आलो आहे, तेव्हा माझे मत आधीच सांगून टाकतो. जग मोठे की लहान, चित्रे सुंदर की साधी, हे प्रश्न मला दुय्यम वाटतात. ज्या जगात एखादी गोष्ट माझ्या नजरेतून कायमची सुटू शकते, त्या जगात हिंडण्यात आनंद आहे. ज्या जगातली प्रत्येक गोष्ट आधीच यादीवर चढवून माझ्यापुढे ठेवलेली आहे, तिथे हिंडणे म्हणजे मार्चअखेरीला खाती जुळवणे. ते काम मी पगार घेऊन करतो. पैसे मोजून करण्याची मला हौस नाही.

कंदील आणि बाण

या प्रकारच्या खेळांचे मूळ शोधायचे तर १९८६ सालच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’पर्यंत जावे लागते. त्याचे जनक शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावी गेले. आसपासच्या रानात भटकताना त्यांना एक गुहा दिसली. आत जायचे धाडस होईना, मग एकदा ते कंदील घेऊन आत शिरले, ही आठवण त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. ते कुतूहल आणि ती भीती खेळात उतरवावी, हा झेल्डामागचा हेतू. या आठवणीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. तिथे गुहा आहे असे त्या मुलाला कोणी सांगितलेले नव्हते. आणि गुहेत शिरल्याबद्दल त्याला कोणी बक्षीस देणार नव्हते.

आता २००२ सालचा ‘मॉरोविंड’ घ्या. आपण कैदी म्हणून एका जहाजातून परक्या किनाऱ्यावर उतरतो. बाल्मोरा नावाच्या गावी एका माणसाला भेटायचे, एवढेच कळते. वाट दाखवणारा बाण नाही. पत्ता तोंडी विचारायचा. नदी धरून वर जा, पूल लागला की वळा, डोंगर उजव्या हाताला ठेवा, अशा थाटाची उत्तरे मिळतात, आणि ती कधी कधी चांगलीच मोघम असतात. पहिल्या गावातून बाहेर पडून थोडे चालले की आकाशातून किंकाळी ऐकू येते, आणि एक मांत्रिक धपकन पुढ्यात पडून मरतो. त्याच्यापाशी एक रोजनिशी आणि तीन मंत्रलेख सापडतात. लेख वाचून उडी मारली की आपण थेट ढगांत जातो. मंत्राचा असर काही सेकंदांचाच आहे आणि खाली उतरण्याची सोय वेगळी करायला हवी होती, हे हवेत असताना ध्यानात येते. मांत्रिक कशाने मेला, हे तेव्हा कळते!

या प्रसंगाची नोंद कुठल्याही कामाच्या यादीत नाही. दुसऱ्या वाटेने गेलेल्या माणसाला तो मांत्रिक भेटतच नाही, आणि भेटला नाही म्हणून काही अडतही नाही. म्हणूनच ज्याला भेटला तो वीस वर्षांनीही ती गोष्ट रंगवून सांगतो. माझ्या खेळातली ती माझी गोष्ट आहे, ही भावना हा या सगळ्या प्रकाराचा गाभा आहे.

त्याच कंपनीचा पुढचा खेळ ‘ऑब्लिव्हियन’ २००६ मध्ये आला आणि त्यात पडद्यावर होकायंत्र आले. जिथे जायचे ती जागा त्यावर ठिपक्याने दाखवलेली. शिवाय एकदा पाहिलेल्या ठिकाणी क्षणात पोचण्याची सोय. लोकांना ते सोयीचे वाटले, आणि सोय होतीच. रानात तासभर चुकत बसायला सगळ्यांना वेळ कुठे असतो? पण त्या ठिपक्याने एक गोष्ट हिरावून घेतली. नजर डोंगरावरून उठली आणि होकायंत्राच्या पट्टीवर खिळली. गावकऱ्याचे बोलणे ऐकण्याची गरज उरली नाही. तो बोलत असतो, आपण बटण दाबून पुढे जातो; कारण पत्ता त्याच्या बोलण्यात नाही, ठिपक्यात आहे.

यात निव्वळ जुन्या काळाची हळहळ आहे असे कोणी म्हणू नये. २०१७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी चोवीस जणांना सोहो भागातल्या गल्ल्यांतून पडद्यावर वाट काढायला लावली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. स्वतः वाट शोधणाऱ्यांच्या मेंदूत, नव्या रस्त्यावर वळताना, स्मृती आणि दिशाज्ञान यांच्याशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग जोरात कामाला लागलेला दिसला. ‘आता डावीकडे वळा’ असे सांगणाऱ्या यंत्राच्या सूचनेने चालताना ती जादा हालचाल दिसली नाही. रस्ते तेच, चालणेही तेच. पण एकात माणूस सोहोमध्ये होता, दुसऱ्यात तो फक्त हुकूम पाळत होता. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. कातळावर रंगवलेल्या बाणांच्या मागे चालत गडावर पोचलेला माणूस गड पाहून येतो. पण वाट ध्यानात राहते ती एकदा चकलेल्याच्या.

आठ आकाशगंगा पुरे

मग खेळ करणाऱ्या कंपन्यांनी काय केले? त्यांनी मुलूख वाढवत नेला. मोठे म्हणजे चांगले, हा हिशेब दुकानदाराला सोपा आणि गिऱ्हाइकालाही. रुपयाला किती तास, असा भाव लावता येतो.

या हिशेबातली मेख १९८४ सालीच एका प्रकाशकाला कळली होती. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी ‘एलिट’ नावाचा अंतराळातल्या व्यापाराचा खेळ लिहिला. तेव्हाच्या बीबीसी मायक्रो संगणकाची स्मृती आजच्या एका छायाचित्रालाही पुरणार नाही इतकी तोकडी. त्यामुळे ग्रह साठवून ठेवण्याऐवजी गणिती सूत्राने ते जागच्या जागी घडवायचे, अशी युक्ती त्यांनी केली. सूत्राने अब्जावधी आकाशगंगा काढता येत होत्या. अकॉर्नसॉफ्ट या प्रकाशकाने मात्र आठच ठेवायला लावल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. जास्त दिल्या तर सगळे एका साच्यातले आहे हे खेळणाऱ्याला उमगेल, ही त्यांची भीती. अमर्यादपणा दाखवला की त्यातला पोकळपणाही दिसतो, हे ज्याने ओळखले तो प्रकाशक शहाणा म्हटला पाहिजे.

पुढच्यांनी हा धडा विसरायचे ठरवले. १९९६ च्या ‘डॅगरफॉल’ची जाहिरात त्याचा मुलूख ग्रेट ब्रिटनएवढा म्हणून होत असे, सूत्राने घडवलेली हजारो गावे त्यात होती, आणि त्यातली बहुतेक एकमेकांची जुळी भावंडे. ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या हेलो गेम्स या लहानशा कंपनीने ‘नो मॅन्स स्काय’ आणला. त्यातल्या ग्रहांची संख्या १८ वर अठरा शून्ये देऊन सांगावी लागते. पहिल्या पाच-सहा ग्रहांवर थक्क झालेले लोक पंधराव्या ग्रहावर कंटाळले आणि त्यांनी आरडाओरडा केला. कंपनीने पळ न काढता वर्षानुवर्षे फुकट सुधारणा केल्या, आणि आज त्या खेळाला मोठा निष्ठावंत वर्ग आहे. पण ध्यानात घ्या, खेळ सावरला तो ग्रह वाढवून नव्हे. घरे बांधणे, एकत्र खेळणे, कथा, अशी त्या ग्रहांवर करण्यासारखी कारणे निर्माण केली, तेव्हा तो सावरला. तरीही २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ हजाराहून अधिक ग्रह घेऊन आलाच, आणि दूरच्या ग्रहावर उतरून पुन्हा तोच कारखाना, त्याच खोल्या पाहिल्याची तक्रार पुन्हा ऐकू आलीच.

सगळ्यात बोलका किस्सा जानेवारी २०२२ मधला. पोलंडच्या टेकलँड कंपनीने आपला ‘डाइंग लाइट २’ हा खेळ संपूर्ण करायला किमान ५०० तास लागतील, अशी अभिमानाने घोषणा केली. वॉर्सा ते माद्रिद चालत जायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, अशी उपमाही दिली. लोक खूश होतील ही अपेक्षा. झाले उलटे. नोकरी, मुलेबाळे, संसार असलेली माणसे म्हणाली, आमच्याकडे ५०० तास आहेत कुठे? शेवटी कथा वीसेक तासांची आहे, जोडकथा धरल्या तर ऐंशीची, असा खुलासा कंपनीला करावा लागला. वॉर्साहून माद्रिदला खरोखर चालत निघालेल्या माणसाला वाटेत जर्मनी लागेल, फ्रान्स लागेल, रोज नवी भाषा आणि नवा पाव लागेल. खेळातल्या ५०० तासांत तेवढे लागेल का, हा प्रश्न कोणी विचारला नसता तरच नवल!

प्रमाणपत्राची गोष्ट

पसारा मोठा आणि त्यात भरायला माल थोडा, म्हटल्यावर खेळणाऱ्याला धरून ठेवायचे कसे? त्याचे उत्तर सापडले बक्षिसात आणि टक्क्यांत. २००७ सालच्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये उंच मनोऱ्यावर चढले की आसपासचा नकाशा उलगडतो आणि त्यावर खुणा उमटतात, ही कल्पना आली. त्याच खेळात ४२० झेंडे विखुरलेले होते, ते गोळा करायचे. गोळा करून कथेत काडीचाही फरक पडत नाही. ही पद्धत इतकी पसरली की दुसऱ्या कंपन्यांनीही मनोरे बांधले, आणि नकाशे खुणांनी देवी आल्यासारखे भरून गेले. प्रत्येक खुणेपाशी काहीतरी: थोडे नाणे, थोडी वनस्पती, आधीपेक्षा दोन गुणांनी बरी तलवार. आणि कोपऱ्यात आकडा: ३७ टक्के पूर्ण.

इथे मला १९७३ सालचा एक प्रयोग आठवतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला. रंगीत पेनांनी चित्रे काढणे ज्यांना मुळातच आवडते अशी मुले त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितले, चित्र काढलेत तर छान प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिले. काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी पेने पुन्हा खोलीत ठेवली आणि कोण किती वेळ रमते ते लपून पाहिले. बक्षीस कबूल करून ज्यांना बसवले होते ती मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. जे हौसेने चालले होते त्याची मजुरी ठरवली, आणि हौस गेली.

मला वाटते, ओपन वर्ल्ड खेळांच्या कंटाळ्याचे निदान या बालवाडीत झालेले आहे. गुहेत शिरण्याची हौस माणसाला उपजतच असते. प्रत्येक गुहेवर आधीच खूण करून, आत काय मिळणार याची किंमत ठरवून दिली, की गुहा हे मजुरीचे ठिकाण होते. मग मजुरी कमी पडली की माणूस वैतागतो: एवढे चालून आलो आणि ही फुटकी ढाल? न सांगता मिळालेली तीच फुटकी ढाल त्याने जपून ठेवली असती.

जपानी निन्टेंडो कंपनीने या मनोवृत्तीवर एक इरसाल विनोद करून ठेवला आहे. २०१७ सालच्या ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ९०० वनदेवतांची बीजे लपवलेली आहेत. कुठे दगडाखाली, कुठे झाडाच्या टोकावर. त्यातली थोडी मिळाली तरी आपली झोळी हवी तेवढी वाढते. सगळी ९०० गोळा करणाऱ्याला काय मिळते? विष्ठेच्या आकाराची एक सोनेरी वस्तू! निर्मात्यांनी सांगून टाकले आहे, बाबा, ही सगळी गोळा करण्यासाठी नव्हती. जिथे जाशील तिथे काहीतरी हाती लागावे, म्हणून एवढी पेरून ठेवली होती.

भाचीचा आक्षेप

माझ्या या म्हणण्याला घरातूनच विरोध आहे. माझी भाची पुण्यात एका संगणक कंपनीत आहे. रात्री अमेरिकेच्या वेळेनुसार बैठका, दिवसा झोपेचे वांधे. तीही हेच खेळ खेळते, पण माझ्या बरोबर उलट पद्धतीने. नकाशाचा एक कोपरा धरायचा आणि सगळ्या खुणा एकामागून एक पुसत जायच्या. मी एकदा तिला तत्त्वज्ञान ऐकवायला लागलो तर म्हणाली, “मामा, दिवसभर मी जे काम करते ते कधीच पूर्ण होत नाही. आज दुरुस्त केलेले उद्या पुन्हा मोडते. इथे निदान शंभर टक्के झाले की झाले. मला शोधायचे नाही, मला संपवायचे आहे.”

या म्हणण्याला मी हसून सोडून देऊ शकत नाही. रिचर्ड बार्टल या ब्रिटिश अभ्यासकाने १९९६ मध्येच, संगणकावर अनेकांनी मिळून खेळायच्या लिखित खेळांचा विचार करताना, खेळाडूंचे चार वर्ग सांगितले होते: मिळवणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि मारामारी करणारे. माझी भाची मिळवणाऱ्यांतली, मी शोधणाऱ्यांतला. थकल्या डोक्याला ठरावीक, लहान, संपणारे काम हवेसे वाटते यात गैर काही नाही. आमची आजी दुपारी तांदूळ निवडत बसायची. घरात निवडलेले तांदूळ असतानाही बसायची. तिला कोणी कंटाळा येतो का विचारले नाही, आणि आला असता तरी तोच तिचा विसावा होता.

माझा आक्षेप या विसाव्याला नाही. त्याला शोध हे नाव देऊन विकण्याला आहे. तांदूळ निवडणे आणि रानात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही माणसाला लागतात. खेळाच्या वेष्टनावर ‘अज्ञात मुलखाचा शोध घ्या’ असे छापायचे आणि आत सुपात तांदूळ द्यायचे, हा व्यवहार बरा नव्हे. शोधणारा फसतो तो इथे. आणि त्याहून वाईट म्हणजे, दहा वेळा फसल्यावर आपल्यालाच आता भटकण्याची हौस उरली नाही, वय झाले, असे त्याला वाटू लागते. अनेक चाळिशीतली माणसे मला हेच सांगतात. वयाचा दोष त्यात थोडा असेलही. पण खुणांच्या नकाशाने मारलेली हौस वयाच्या खात्यावर टाकू नये.

एकाच खेळात दोन्ही

पुरावा हवा तर ‘द विचर ३’ पुन्हा पाहा, कारण त्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. त्यातला स्केलिगे हा बेटांचा प्रदेश. भोवतालच्या समुद्रात नकाशाभर प्रश्नचिन्हे तरंगत असतात. होडीने एकेका चिन्हापाशी जायचे, तिथे चोरट्या व्यापाऱ्यांची पिंपे बुडालेली, वर घिरट्या घालणाऱ्या पक्षीरूपी बाया. त्यांना मारायचे, पिंपे उघडायची, पुढचे चिन्ह. हा उद्योग चाहत्यांतही कुप्रसिद्ध आहे.

त्याच खेळातला वेलेन हा युद्धाने पिळून निघालेला दलदलीचा मुलूख. तिथे भटकत असताना एका टेकडीपाशी आपण पोचू शकतो, जिच्या पोटात जुन्या झाडाच्या मुळांत एक आत्मा कोंडलेला आहे. तो सुटकेची याचना करतो. सोडवायचे की मारायचे? मुख्य कथेत या टेकडीचे काम अजून निघालेले नसतानाही हा निर्णय आपण घेऊ शकतो, आणि कितीतरी तासांनी एका घराण्याच्या शोकांतिकेचा शेवट त्या निर्णयाने पालटतो. भटकंतीचे मोल याला म्हणतात. हाती आलेली तलवार उद्या जुनी होते. आपण तिथे गेलो होतो म्हणून या माणसांचे असे झाले, ही टोचणी जुनी होत नाही.

दुसरे उदाहरण २०२२ च्या ‘एल्डन रिंग’चे. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली फ्रॉमसॉफ्टवेअरने केलेला हा खेळ अवघड म्हणून गाजला, पण मला तो आवडला तो मौनामुळे. कामांची यादी नाही. नकाशाचा तुकडा सापडेपर्यंत तो भाग धुक्यात. रानातल्या एका पडक्या इमारतीत एक पाळणा आहे. त्यात उभे राहिले की तो खाली जाऊ लागतो. जातो, जातो, जातच राहतो. इतका वेळ की काहीतरी बिघडले असावे असे वाटते. आणि मग दार उघडते तर जमिनीच्या पोटात चांदण्यांनी भरलेले आकाश, आणि त्याखाली एक नदी. हे आधी नकाशावर दिसले असते तर? त्या पाळण्यातला अर्धा मिनिट निव्वळ रिकामा आहे. त्यात करण्यासारखे काही नाही. पण तो रिकामा अर्धा मिनिट काढून टाका, म्हणजे चांदणे नुसते चित्र होईल.

कंटाळ्याविषयी माझे जे म्हणणे आहे ते इथे येऊन ठेपते. थोडा रिकामेपणा शोधाला लागतोच. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या रचनाकारांनी २०१७ मध्येच जाहीर व्याख्यानात सांगितले होते की त्यांनी भूमी त्रिकोणांनी घडवली: लहानमोठ्या टेकड्या अशा ठेवल्या की पलीकडचे झाकले जावे, चढून जायचे की वळसा घालायचे हे चालणाऱ्याला ठरवावे लागावे, आणि वळणावर काहीतरी अकस्मात दिसावे. तिथेही मनोरे आहेत, पण त्यांवर चढल्यावर नकाशात फक्त भूगोल उमटतो. पाहण्याजोगे काय ते दुर्बीण लावून आपण शोधायचे आणि खूणही आपणच करायची. मनोरा तोच, पण कंदील पुन्हा मुलाच्या हातात दिला.

तेव्हा हे खेळ हिंडायला रसाळ की कंटाळवाणे, याचा निकाल सरसकट देता येणार नाही. पण कसोटी देता येते. खेळ बंद केल्यावर मला काही सांगावेसे वाटते का? ‘आज चौदा खुणा पुसल्या’ हे कोणी कोणाला सांगत नाही. ‘आज एक माणूस आभाळातून पडला’ हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कंपन्यांनाही हे हळूहळू उमगते आहे. ‘असॅसिन्स क्रीड’ने २०१८ मध्ये खुणांऐवजी तोंडी पत्त्यांवर चालण्याचा पर्याय दिला, आणि २०२३ चा त्यांचा ‘मिराज’ मुद्दाम लहान केला. अनेक खेळांत पडद्यावरचे बाण, ठिपके, आकडे बंद करण्याची सोय आता असते. ती वापरून पाहावी. दोन दिवस चुकल्यासारखे होते. तिसऱ्या दिवसापासून डोंगर ओळखू येऊ लागतात.

आणि घरात असे खेळ खेळणारे मूल असेल तर आई-बापांना एक सुचवावेसे वाटते. ‘किती वेळ खेळलास’ हे विचाराच, तो तुमचा हक्क आहे. ‘किती पूर्ण झाले’ हे मात्र विचारू नका. तो प्रश्न शाळा विचारते, शिकवणी विचारते, उद्या साहेब विचारणार आहे. त्याऐवजी ‘काय सापडले’ असे विचारून पाहा. मूल बोलायला लागले आणि थांबेनासे झाले, तर खेळ चांगला आहे असे समजा. आठवून आठवून त्याला टक्केच सांगावे लागले, तर खेळ बाजूला ठेवून त्याला थोडा वेळ कंटाळू द्या. गुहा शोधायला मुले त्यातूनच निघतात.